जंगलाची पानं

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा.
व्होरू गावातली एकूणएक गाडी
आज आमच्याच दारात उभी आहे.
एक डिसेंबरपासून हिवाळी टायर लागतात
हे लोकांना दर वर्षी नव्यानं कळतं.

हेल्दुर जॅक लावतो, मी पावत्या फाडते,
आणि दोन पावत्यांच्या मधे
गल्ल्याखाली उघडी ठेवलेली कादंबरी
अर्धं पान पुढे सरकते.

मी काही मोठी वाचक नाही.
ग्रंथालयातल्या ताइमीनं रद्दीत काढलेल्या ढिगातून
जाडी बघून उचललं हे पुस्तक,
दाराला अडसर म्हणून.
दार आता दिवसभर आपटतं.

सहाशे चाळीस पानं.
प्रत्येक माणसाला तीन तीन नावं:
एक रागातलं, एक लाडातलं,
एक फक्त उसने पैसे मागताना वापरायचं.
मी एका पावतीच्या पाठीवर वंशावळ मांडली होती,
ती पावती चुकून गिऱ्हाइकाला गेली.
त्या गृहस्थाकडे आता
चार खिळ्यांचे टायर आहेत
आणि एका जमीनदाराच्या दोन सुना.

जंगलाचं वर्णन आलं की मी पानं उलटते,
खोटं कशाला बोलू.
जंगल बसथांब्यामागेच सुरू होतं आमच्याकडे,
त्याला इतकी विशेषणं लागत नाहीत.

धाकटी सून पान दोनशे बारावर खोकते.
असल्या पुस्तकांत खोकला कधी साधा नसतो,
एवढं मलाही कळतं.
पण तिला घाई नाही.
ती पत्रं लिहिते, जावेची माफी मागते,
खुर्ची उचलून बागेत न्यायला लावते,
पान पाचशे ऐंशी आलं तरी
बाईचं बोलणं संपत नाही.

माझी नणंद मैमू एका मंगळवारी खोकली.
पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी
तिचे बूट पिशवीत घालून
इस्पितळानं माझ्या हातात दिले.
मधे पानंच नव्हती.
आमचं शेवटचं बोलणं झालं
काकडीच्या लोणच्याच्या बरणीवरून,
रिकामी बरणी मी परत दिली की नाही यावर.
दिली म्हणाले मी.
ती अजून माझ्या फडताळात आहे,
आत बटणं.

हेल्दुर जेवताना विचारतो,
"फिटलं का त्या जमीनदाराचं कर्ज?"
त्यानं आयुष्यात पुस्तक उघडलेलं नाही,
पण आमच्या लिफ्टचे अजून एकवीस हप्ते बाकी आहेत,
म्हणून त्याचा जीव त्या कर्जात.
"घोडे विकायला काढलेत," मी सांगते.
"घोडे विकू नयेत," तो म्हणतो,
आणि बोटं पुसून ब्रेड कापतो.

घोडे कधी विकले?
पान सहाशे दोन. "ती गेल्यानंतरच्या वसंतात."
ती म्हणजे कोण?
मी परत मागे गेले. खुर्ची सापडली, पत्रं सापडली,
जावेनं आवळलेल्या ओठांनी दिलेली माफीही.
मरण कुठेच नाही.
ताइमीनं पानं फाडून विकलं की काय,
म्हणून शिवण तपासली. सगळी जागच्या जागी.

मग कळलं.
ती जंगलात गेली होती.
मी उलटलेल्या त्या सात पानांत,
बर्चच्या साली, ओलं शेवाळं, कुठलासा पक्षी,
यांच्यामधे कुठेतरी.
कुणी रडलं की नाही, मला माहीत नाही.
तिथे कुणी होतं का, तेही नाही.

आज मी पहिल्या झाडापासून सुरुवात केली आहे.
एकेक विशेषण, गाळायचं नाही.
दारात चौदा गाड्या.
निळ्या गाडीवाला भोंग्यावरचा हात काढत नाही.
हेल्दुर पाना हातात घेऊन आत डोकावतो,
"अगं, पावती!"

थांब हेल्दुर.
अजून तिसरंच पान आहे,
अजून नुसतं शेवाळं चाललंय.